‘संयम ठेवा’ हे औषध नव्हे

मधुमेही रुग्णास "संयम ठेवा" असे बजावण्याची आपल्या व्यवसायात जुनी परंपरा आहे. या दोन शब्दांवर माझा विश्वास नाही. इंदूरसारख्या नगरीत तर तो कोणाचाच असू नये. सकाळी पोहे-जिलेबी, आणि रात्री सराफ्यातील पेढ्यांची दारे बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात मालपुवे व गराडू! दवाखान्यात शपथ वाहणारा गृहस्थ आणि रात्री दहा वाजता सराफ्यात उभा असलेला गृहस्थ देहाने एक खरे, पण पहिल्याचे वचन दुसऱ्यास बांधील असते ही भाबडी समजूत होय.

कठोपनिषदाने इंद्रियांना घोडे, मनाला लगाम व बुद्धीला सारथी म्हटले. समर्थांनी मनाच्या समजुतीसाठी २०५ श्लोक रचले. एका उपदेशाने ते वळते, तर इतके लागलेच नसते. सारथ्याचा हात मात्र रसायनांवरही चालतो. कंपवाताच्या ३०९० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रामिपेक्सोलसारखी डोपामिनसदृश औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांत जुगार, अनावर खरेदी, अतिखाणे असे विकार आढळले. न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्के. पत्त्यांना कधी न शिवलेला सज्जन गोळीने जुगारी व्हावा आणि मात्रा घटविताच बहुधा पूर्ववत व्हावा! मधल्या काळात त्याचे चारित्र्य कोठे गेले होते?

वॉल्टर मिशेल यांचा बालकांवरील मिठाईचा प्रयोग चारित्र्याचा दाखला म्हणून व्याख्यानांतून सांगितला जातो. २०१८ साली ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवरून केलेल्या फेरतपासणीत, कौटुंबिक परिस्थिती हिशेबात घेताच वाट पाहण्याचा व पुढील यशाचा संबंध बराच क्षीण झाला. मला त्या प्रयोगातील निराळीच गोष्ट मोलाची वाटते. मिठाई झाकलेली असली की मुले कितीतरी अधिक वेळ थांबत. मुले तीच, फरक झाकणाचा.

यावर काही सहकारी म्हणतील की रुग्णाची जबाबदारीच आपण काढून घेतो. मला तसे वाटत नाही. शांत घटकेत केलेली व्यवस्था हीच त्याची जबाबदारी. मोहाच्या क्षणी त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा धरणे हा अन्याय आहे. म्हणून शतपावलीचा रस्ता कोणता, घरातील फराळाचा डबा कोणत्या फळीवर असतो, हे मी रक्तशर्करेच्या अहवालाइतक्याच गांभीर्याने विचारतो. पुष्कळदा उत्तर रुग्णाऐवजी सूनबाईच देतात.