विश्वास आहे, म्हणूनच वेगळा पासवर्ड

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कार्यालयात हिशेबाच्या कामासाठी चादर-टॉवेलचे कारखानदार येतात, शाळेचे गणवेश शिवून देणारे येतात, औषधांचे घाऊक विक्रेते येतात. प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक माणसाला स्वतःचं लॉगिन द्या आणि त्याच्या कामाला जेवढं लागतं तेवढंच त्याच्यासाठी उघडं ठेवा. बहुतेक जण नाही म्हणतात, आणि त्यांची कारणं ठरलेली असतात. ही माणसं कष्टाची आणि सरळ आहेत, म्हणून ती कारणं झटकून न टाकता एकेक तपासली पाहिजेत.

पहिलं कारण विश्वासाचं. ‘आमच्याकडे सगळी घरच्यासारखी माणसं. वेगळे पासवर्ड दिले तर त्यांना काय वाटेल? आमच्या वडिलांच्या पेढीवर असलं काही नव्हतं.’

वडिलांच्या पेढीवर पासवर्ड नव्हता, पण अक्षर होतं. कीर्दीतली नोंद दिवाणजींनी केली की धाकट्या भावाने, हे पान उघडताच कळायचं. आकडा खोडला तर खाडाखोड दिसायची, मधलं पान फाडलं तर शिवण सांगायची. कोणी काय लिहिलं याचा पुरावा वहीतच असे. संगणकावर सगळ्यांचं अक्षर सारखंच दिसतं. तिथे माणूस ओळखण्याची एकच खूण उरते, ती म्हणजे त्याचं लॉगिन. पाच जण एकाच नावाने आत शिरत असतील, तर जुन्या पेढीची शिस्त आपण चालवत नाही, मोडत आहोत.

याचा फटका कोणाला बसतो ते मी जवळून पाहिलं आहे. एका टॉवेलच्या व्यापाऱ्याकडे माल रवाना झाल्यावर काही बिलांतले दर खाली आणलेले सापडले. बिलं करणाऱ्या ताईंवर संशय आला. बदलांची नोंद ठेवणारी सोय चालू होती, म्हणून आम्ही ती उघडली. तारीख होती, वेळ होती, जुना दर आणि नवा दर होता. आणि बदल करणाऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच नाव होतं, ‘अ‍ॅडमिन’. तो पासवर्ड मालकांना, त्यांच्या मुलाला, गोदामवाल्याला, अकाउंटंटला आणि ताईंना, सगळ्यांनाच ठाऊक. ताईंनी केलं हे सिद्ध झालं नाही, पण त्यांनी केलं नाही हेही त्यांना सिद्ध करता आलं नाही. महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली. वेगळं लॉगिन असतं तर त्या निर्दोष असल्यास मान वर करून बसल्या असत्या. माझं मुख्य म्हणणं हेच आहे: अधिकारांची मर्यादा आधी नोकरदाराचं रक्षण करते, मालकाचं नंतर.

दुसरं कारण असं की ही बड्या कंपन्यांची, बाहेरून आलेली पद्धत आहे. पण शिवकाळातल्या किल्ल्यांचा कारभार आठवा. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. किल्ल्या आणि पहारा हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेबाचे कागद सबनिसाकडे, धान्य आणि सामानाचं कोठार कारखानिसाकडे. एकट्याच्या मर्जीने गड दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, अशी ही रचना होती. पत्राचा मजकूर संपला की खाली मोर्तब उमटे, म्हणजे त्यापुढे कोणाला एक ओळही वाढवता येत नसे. जिवाला जीव देणाऱ्या माणसांमध्येही ज्यांनी कामं अशी वाटली, त्यांनी माणसांवर अविश्वास दाखवला असं कोणी म्हणेल का?

तिसरं कारण: ‘माणूस जुना आहे, त्याच्यावर डोळे मिटून सगळं सोपवतो.’ असं डोळे मिटणं किती महागात पडतं ते पाहा. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेचं प्रकरण २०१८ मध्ये उघडकीला आलं. परदेशी बँकांना हमी कळवणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीशी जोडलेली नव्हती. संदेश बाहेर जात राहिले, खात्यात नोंद होत नव्हती. हे संदेश पाठवणारा अधिकारी वर्षानुवर्षं त्याच शाखेत बसलेला होता. घोटाळ्याचा आकडा तेरा हजार कोटींच्या वर गेला. एवढ्या धक्क्यातूनही बँक उभी राहिली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बारा यंत्रमाग चालवणाऱ्याला एका हंगामाची फसवणूकही पेलणार नाही. धंदा छोटा असेल तर ही काळजी जास्त हवी.

चौथं कारण कामाच्या खोळंब्याचं, आणि त्यात तथ्य आहे. मे-जूनमध्ये गणवेशाच्या ऑर्डरी धडाधड सुटत असताना बिल अडून राहिलं तर ट्रान्सपोर्टची गाडी थांबत नाही. पण खोळंबा होतो तो अधिकार चुकीचे वाटल्यामुळे. ई-वे बिलाचंच घ्या. १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपी लागतो. लॉगिन एकट्या मालकाचं असेल तर मालक तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत आणि कारकून फोनवर, ‘मालक, ओटीपी सांगा.’ त्याच पोर्टलवर उपवापरकर्ता तयार करता येतो, त्याच्या मोबाईलवर त्याचा ओटीपी येतो, आणि त्याला काय करता येईल हेही ठरवता येतं. म्हणून ‘सगळ्यांना सगळं’ जितकं चूक, तितकंच ‘सगळं माझ्याकडेच’ हेही चूक. सगळं स्वतःकडे ठेवणारा मालक शेवटी घाईत फोनवरून पासवर्ड सांगतो आणि पुन्हा पहिल्याच जागी येतो.

मग करायचं काय? गोदामवाल्याला आवक-जावक नोंदवू द्या, खरेदीचे दर आणि बँकेची खाती त्याला दिसायची गरज नाही. बिल करणाऱ्याला बिल करू द्या, झालेलं बिल बदलणं किंवा रद्द करणं दुसऱ्याच्या मंजुरीने होऊ द्या. पैसे देण्याची नोंद एकाने करावी, रक्कम दुसऱ्याने सोडावी. ऑडिटरला सगळं पाहू द्या, बदलू देऊ नका. मागच्या तारखेची नोंद किती दिवसांपर्यंत चालेल याची मर्यादा टॅलीत प्रत्येक भूमिकेला घालता येते, ती घाला. महत्त्वाच्या प्रत्येक कामाला रजेच्या दिवसांसाठी दुसरा माणूस आधीच नेमून ठेवा, त्याच्या स्वतःच्या लॉगिनसह. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं लॉगिन बंद. ‘अ‍ॅडमिन’ रोजच्या कामाला वापरायचंच नाही, मालकांनीसुद्धा नाही. आणि तिमाहीला एकदा कोणाला काय उघडं आहे ती यादी वाचा. बढती आणि बदलीनंतर जुने अधिकार तसेच राहून जातात.

कायद्याने कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं, आणि ती नोंद बंद करता न येणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर सक्तीचं केलं आहे. आपल्याकडे मालकीच्या आणि भागीदारीतल्या पेढ्या बहुसंख्य, त्यांना हा नियम लागू नाही. म्हणून थांबायचं कारण नाही. पण सगळ्यांचं लॉगिन एकच असेल तर ती नोंद ठेवूनही उपयोग नाही, हे टॉवेलच्या त्या बिलांनी दाखवलं.

मालकांनी हे काम पुढच्या मार्चवर ढकलू नये. दहा माणसांच्या पेढीत अकाउंटंटला बरोबर घेऊन बसलं तर एका दुपारी यादी तयार होते. आणि नोकरदारांना माझं सांगणं आहे, मालक देत नसतील तर तुम्ही मागा. माझ्या नावाचं लॉगिन द्या, दुसऱ्याच्या नावाने मी नोंद करणार नाही, असं ठामपणे म्हणा. त्यात उद्धटपणा नाही. आपल्या कामाखाली आपली सही असावी, एवढाच तो हक्क आहे.