‘रेफर’ हा इलाज नव्हे

चिमूरचे नाव निघाले की १६ ऑगस्ट १९४२ ची आठवण निघते. या गावाने इंग्रजी सत्तेला आव्हान दिले, गोळ्या झेलल्या, नंतरचे अत्याचारही सोसले. २००९ च्या निवडणुकीपासून लोकसभेचा मतदारसंघही ‘गडचिरोली-चिमूर’ या नावाने ओळखला जातो. इतिहासात मान आहे, नकाशावर नाव आहे. पण अडलेल्या बाळंतिणीला, साप चावलेल्या शेतमजुराला, छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला इथे काय मिळते? अनेकदा एक कागद मिळतो. त्यावर एकच शब्द असतो : ‘रेफर’.

चिमूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. पुढचा इलाज हवा असला की रस्ते दोनच : एक चंद्रपूरचा, दुसरा नागपूरच्या ‘मेडिकल’चा. दोन्हीकडे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. बाळंतपणानंतर रक्त थांबले नाही तर धडधाकट बाई काही तासांत दगावू शकते. मण्यार चावल्यावर श्वास बंद पडू लागला तर नुसते इंजेक्शन पुरत नाही; श्वास चालू ठेवणारे यंत्र लागते आणि ते चालवणारा माणूसही लागतो. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एकाच वेळी हजर हवीत. तिन्हींतले एक नसले की उरलेली दोन असून नसल्यासारखी. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली, हे चांगलेच झाले. पण रुग्णवाहिका म्हणजे रुग्णालय नव्हे. दुखणे एका गावाहून दुसऱ्या गावी नेल्याने बरे होत नाही.

सरकार योजनांची यादी वाचून दाखवते. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळेच उपचार मोफत झाले. महात्मा फुले योजनेचे कार्ड आहे, पण ते चालणारे अंगीकृत रुग्णालय आधी गाठावे लागते. मोफत देण्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल एवढाच आहे की जे जागेवर नाही, ते मोफत देण्यात सरकारचे काय जाते?

यावर ठरलेले उत्तर येते : जंगलात डॉक्टर यायला तयार नसतात. याच चिमूर तालुक्यातल्या कोलारा गेटवर वाघ पाहायला भल्या पहाटे देशभरातून माणसे येतात. त्यांच्यासाठी रस्ता झाला, रिसॉर्ट झाले. मग डॉक्टरला राहायला धड घर, त्याच्या मुलांना धड शाळा आणि हाताशी पुरेशा परिचारिका देणे एवढे अवघड का व्हावे? शिवाय जंगलात काम होते, हे याच मुलखाने जगाला दाखवले आहे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ पासून हेमलकशात उभे राहिले. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बायांना नवजात बाळांची देखभाल शिकवली, बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि २०११ मध्ये ती पद्धत देशभरच्या आशांच्या हाती गेली. पण या मोठ्या माणसांचे सत्कार करून सरकारची सुटका होत नाही. दोन जोडप्यांचे तप ही दोन जिल्ह्यांची आरोग्यव्यवस्था नव्हे.

आता थोडे आपल्या बिरादरीशी बोलू. मोहल्ल्यात कुणावर असे संकट आले की जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात रुमाल पसरतो. नागपूरचा खर्च जमतो. या खिदमतीला आम्ही कमी लेखत नाही. पण रुमाल पसरताना आपण प्रश्न विचारायचे विसरलो. नागपूरहून मय्यत परत आली की ‘अल्लाह की मर्जी’ म्हणून गप्प बसतो. मौत अल्लाहच्या हाती आहे, यावर आमचे ईमान आहे. भूलतज्ज्ञाची रिकामी खुर्ची मात्र मंत्रालयाच्या हाती आहे.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. सरकारी पथक येते, मुलांचे डोळे, दात, रक्ताची कमतरता तपासते आणि चिठ्ठी देते. ती चिठ्ठी दप्तरात पडून राहते, कारण रोजी बुडवून शहरात जाणे बापाला परवडत नाही. शेजारच्या गोंड आणि दलित पोरांच्या दप्तरातही तीच चिठ्ठी असते. लेडी डॉक्टर नाही म्हणून आपल्या बाया दुखणे अंगावर काढतात, तशा त्यांच्याही काढतात. २००६ च्या सच्चर अहवालाने मुस्लिमबहुल खेड्यांतली दवाखान्यांची उणीव मांडली, ते खरेच आहे. पण चिमूरमध्ये आपण मूठभर आहोत. इथे हा सवाल ‘मुसलमानांचा’ म्हणून मांडला तर तो कब्रस्तानाच्या भिंतीच्या आश्वासनावर मिटवला जाईल.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगालमधल्या एका शेतमजुराच्या प्रकरणात निकाल दिला. जखमी अवस्थेत त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. वेळेवर उपचार न देणे म्हणजे त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग, असे न्यायालयाने म्हटले. तो शेतमजूर आपल्याच बिरादरीतला होता. पण त्याच्यासाठी कोर्टात गेली ती कुठली अंजुमन नव्हे, शेतमजुरांची संघटना. निकाल मात्र देशातल्या प्रत्येकाच्या कामी आला.

इथलेच उदाहरण घ्या. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी हजारो बाया चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागू झाली. २०२१ मध्ये ती उठलीही. बंदीबद्दल मतभेद असोत, पण त्या बायांनी सरकारला ऐकायला लावले, हे कोणी नाकारू शकत नाही.

तेव्हा जकात द्या, रुमालही पसरा. पण ग्रामसभेत जा, रुग्ण कल्याण समितीच्या खर्चाचा हिशेब मागा. माहितीच्या अधिकारात विचारा : मंजूर पदे किती, भरलेली किती, महिन्याला किती रुग्ण रेफर झाले आणि कशासाठी? अर्जावर आपल्या सहीशेजारी आत्रामची, मेश्रामची, वाघमारेची सही घ्या. चिमूरच्या बाईचे बाळंतपण चिमूरलाच सुखरूप व्हावे, ही मेहेरबानीची मागणी नाही. तो आपला हक्क आहे, आणि तो मागितल्याशिवाय कोणी घरी आणून देणार नाही.