आधी सांगा, वॉर्डात सिस्टर किती होत्या?

‘परिचारिकेच्या हलगर्जीपणामुळे’ हा मथळा या आठवड्यात पुन्हा वाचला. पाठोपाठ वाचकांच्या पत्रांच्या याच सदरात निलंबन करा, गुन्हा नोंदवा अशी मागणी करणारी पत्रेही वाचली. लोकांचा संताप समजतो. घरातले माणूस गेल्यावर दुसरे काय होणार? पण रुग्ण दगावला त्या रात्री वॉर्डात रुग्ण किती होते आणि सिस्टर किती होत्या, हा प्रश्न एकाही पत्रात नाही. बातमीतही नाही. हा आकडा कळल्याशिवाय हलगर्जीपणा कोणाचा, हे कोणी आणि कसे ठरवले?

भंडारा आठवून पाहा. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि १७ पैकी १० बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभाग जळाला, ११ रुग्ण दगावले. भंडाऱ्यात वरिष्ठांच्या वाट्याला निलंबन आणि बदली आली. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. नगरला एका महिला डॉक्टरसह तीन परिचारिकांना अटक झाली. आगीपासून बचावाची पुरेशी सोय नसताना कक्ष चालू ठेवण्याचा निर्णय या बायकांनी घेतला होता का? रात्रपाळीला किती जणी लावायच्या, हे त्या ठरवत होत्या का?

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिनांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एकामागे एक परिचारिका असे आहे. सरकारी रुग्णालयात रात्र काढलेल्या कोणत्याही नातेवाइकाला विचारा, त्याने हे प्रमाण डोळ्यांनी पाहिले आहे का. तीस-चाळीस रुग्णांना एक सिस्टर आणि सोबतीला एखादी मावशी, हेच चित्र आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

याचा परिणाम काय होतो, हेही मोजून झाले आहे. अमेरिकेतील लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिनाभरात दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली आढळली. पुढे २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांतही तोच सात टक्क्यांचा आकडा आला. हे एका जादा रुग्णाचे सात टक्के आहेत. आमच्याकडे जादा असलेले पंचवीस-पस्तीस रुग्ण कोणत्या हिशेबात धरायचे?

सिस्टर म्हणजे इंजेक्शन देणारी आणि सलाईन बदलणारी, असा आपला समज आहे. खरे तर रुग्णाचा रंग पालटला, तो उगाच बडबडू लागला, लघवी कमी झाली, श्वास वाढला, हे सर्वांत आधी तिला दिसते. डॉक्टर राउंडला येतात आणि जातात, ती आठ-दहा तास समोर असते. श्वास नीट मोजायला पूर्ण मिनिट लागते. चाळीस रुग्णांचे नुसते श्वास मोजायचे म्हटले तरी चाळीस मिनिटे गेली; औषधे, नोंदी, नवी भरती आणि नातेवाइकांची भांडणे वेगळीच. मग तक्त्यावर ओळीने सगळ्यांपुढे एकच आकडा पडतो आणि ज्याचा श्वास खरोखर वाढलेला असतो, तो त्या ओळीत हरवतो. याला हलगर्जीपणा म्हणायचे असेल तर म्हणा, पण तो पदे रिकामी ठेवणाऱ्याच्या नावावर लिहा.

माझ्या घरातील एका वृद्ध रुग्णाच्या बाबतीत खासगी दवाखान्यातल्या सिस्टरने प्रकृती बिघडत असल्याचे रात्रीच ओळखले. तिने डॉक्टरांना फोन केला. ‘सकाळी बघू’ असे उत्तर मिळाले. तिने पुन्हा फोन केला म्हणून बोलणी खाल्ली. तिने हट्ट धरला म्हणून आम्ही वेळेत नाशिकला पोहोचलो. येवल्याहून नाशिक ऐंशी किलोमीटरच्या पुढे आहे. विंचूर, निफाड करत रात्रीच्या वाहतुकीतून रुग्ण न्यायचा, तर इथे वाया गेलेला एक तास पुढे भरून निघत नाही. अशा हट्टाला बोलणी कशाला? त्याला नियमाचे पाठबळ हवे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, ताप आणि शुद्ध यांना गुण देऊन बेरीज करतात. बेरीज ठरावीक आकड्यावर गेली, की डॉक्टरला बोलवायचेच. तिथे सिस्टरला गयावया करावी लागत नाही. आपल्याकडे तिची जबाबदारी कायद्याची आणि अधिकार मात्र विनंतीचा.

परिचारिकांना रुग्णाचे हित कळते, हे सर्वोच्च न्यायालयानेही मानले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत तिथल्या परिचारिकांनी सांभाळले. अरुणा यांच्या दयामरणासाठी आलेल्या अर्जावर ७ मार्च २०११ रोजी निकाल देताना न्यायालयाने अरुणातर्फे बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. त्या निकालाला इतकी वर्षे झाली, तरी वॉर्डातल्या सिस्टरला ‘डॉक्टर, आत्ता या’ एवढे म्हणण्याची मुभा नाही.

संख्येइतकाच प्रश्न शिक्षणाचाही आहे. तालुक्याच्या गावांतील कित्येक खासगी दवाखान्यांत पांढरा कोट घालून फिरणाऱ्या मुलींनी परिचर्येचे शिक्षणच घेतलेले नसते. चार-सहा हजारांवर राबणाऱ्या या पोरी सलाईन लावतात, औषधाचा डोस ठरवतात. दोष त्यांचा नाही; घरची गरज त्यांना तिथे आणते. पण बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ लावणाऱ्याने नोंदणीकृत परिचारिका दाखवलीच पाहिजे, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदणी क्रमांक मागितलाच पाहिजे.

अनेक दवाखान्यांच्या दारात एक पाटी असते: डॉक्टर वा कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड. २०१० चा हा कायदा हवाच, हल्ल्याचे समर्थन कोणी करू नये. पण त्याच पाटीशेजारी दुसरी पाटी लावा: या पाळीला वॉर्डात रुग्ण इतके, नोंदणीकृत परिचारिका इतक्या. येवल्याच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करा. खडू आणि फळा पुरेल, निविदा काढायची गरज नाही. आपल्या लोकप्रतिनिधींनी नव्या इमारतीची फीत कापण्याआधी हा फळा वाचावा.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. ‘परिचारिकेचा हलगर्जीपणा’ असा मथळा पुढे कधी द्यावा लागला, तर त्याच बातमीत हे दोन आकडे छापा. रुग्णालय ते देत नसेल, तर देत नाही असे छापा.

– एक वाचक, येवला (जि. नाशिक)