गोधडीची ऊब आणि समीक्षेची झापडे

मराठी कवितेत गोधडी आली की पाठोपाठ ऊब येते, आणि ऊब आली की आई. शालेय कवितांपासून कविसंमेलनांपर्यंत हा क्रम पक्का झाला आहे. दुसरीकडे, एखादी कादंबरी विस्कळीत वाटली की 'ठिगळे जोडल्यासारखी' असा शेरा मारून परीक्षणकर्ता मोकळा होतो. म्हणजे भावनेच्या भरात गोधडी पूज्य, मूल्यमापनाच्या वेळी ठिगळ त्याज्य. या दोन वृत्ती परस्परविरोधी भासल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे: गोधडी शिवणाऱ्या बाईला रचनेची जाण असू शकते, हे आपल्याला मनोमन मान्य नाही. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या नकारावर आहे.

प्रथम वस्तू नीट पाहू. कन्नड तालुक्यातील असो वा मराठवाड्यातील अन्य कुठली, गोधडीचे तंत्र साधारण सारखेच. जुनी लुगडी, धोतरे थरावर थर अंथरायची, ती सरकू नयेत म्हणून कच्चे टाके घालायचे आणि मग कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत जायचे. ऊब येते ती थरांमुळे, आणि थर धरून ठेवतो तो धावदोरा. गरज इथे संपते.

यापुढचे सारे गरजेच्या पलीकडचे आहे. वरच्या थरावर रंग निवडून बसवलेले चौकोन, मधोमध वेगळ्या कापडाचा तुकडा, चार कोपऱ्यांत एकमेकांना उत्तर देणारे त्रिकोण. काही गोधड्यांच्या कडेला चौकोनी चिंधी दोनदा तिरपी दुमडून केलेल्या त्रिकोणांची रांग असते. कापलेल्या कडा घडीत लपतात, सुते सुटत नाहीत, आणि किनार करवतकाठी लुगड्यासारखी दिसू लागते. बाळाच्या कुंचीची झालर, पोळ्याच्या झुलीवरची कापडी नक्षी, तांड्यावरच्या बंजारा स्त्रीच्या फेटिया-कांचळीवरचे आरसे, कवड्या आणि रंगीत तुकडे हे याच कुळातले. यांतल्या एकाही तुकड्याने थंडी तसूभरही कमी होत नाही. मग तो हाताने, टाका टाका घालून, का शिवला जातो?

यावर ठरलेले उत्तर असते: 'हे सारे दारिद्र्यातून आले, त्याला कला म्हणणे हा शहरी भाबडेपणा आहे.' दारिद्र्य खरे आहे. ते कोणी नाकारू नये. परंतु दारिद्र्याने चिंधी दिली, ती कुठे बसवायची हे दारिद्र्याने सांगितले नाही. लाल कापड वीतभरच असेल तर ते एका जागी संपवायचे की चार कोपऱ्यांत वाटायचे, हा निर्णय बाईचा. अक्षरसंख्येचे, यमकाचे बंधन पाळून अभंग उभा राहतो, तेव्हा आपण त्या बंधनाला कवीची कसोटी म्हणतो. तेच बंधन कापडाचे असले की त्याला केवळ नाइलाज म्हणायचे, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप आपल्याच विभागांतून येतो: 'आपले क्षेत्र शब्दांचे, कापडाचे नव्हे.' याच मराठवाड्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या त्या वस्त्रावर 'पंचीकरण' लिहिलेले आहे आणि वाङ्मयेतिहासात तिला मानाचे स्थान आहे. कापड आपल्याला वर्ज्य नाही. त्यावर अक्षरे हवीत, एवढीच आपली अट आहे. वास्तविक 'ग्रंथ' हा शब्द बांधण्या-गुंफण्याच्या धातूवरून आला आहे आणि 'सूत्र' म्हणजे तर दोराच. ज्यांच्या परिभाषेत इतके धागे आहेत, त्यांनी टाक्याला परका मानावे हे नवल आहे.

मौखिक रचनेबाबत हा हट्ट आपण कधीच सोडला आहे. निरक्षर बहिणाबाई चौधरींची गाणी कोणीतरी उतरून घेतली म्हणून, त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. जात्यावर बसणारी बाई कवयित्री ठरली. दुपारी सुई हाती घेणारी तीच बाई मात्र अजून 'मायाळू' एवढीच आहे.

इतरत्र असे घडलेले नाही. बंगालच्या कांथ्यावर स्टेला क्रामरिश यांनी १९३९ सालीच गंभीर निबंध लिहिला. अॅलिस वॉकर यांच्या 'एव्हरीडे यूज' या १९७३ च्या कथेत तर वादाचा विषयच गोधड्या आहेत: त्या भिंतीवर टांगायच्या की अंगावर घेऊन झिजवायच्या? अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ मध्ये मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. तिथे त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी झाली. त्यातही एक धोका आहे, हे मान्य. चित्रासारखी दिसते म्हणून गोधडी थोर, असे म्हणणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याचीच फूटपट्टी लावणे. तिचे मोल तिच्याच व्याकरणाने ठरले पाहिजे.

'माया' या शब्दाचे आणखी एक काम आहे, ते निष्पाप नाही. ज्या श्रमाला माया म्हटले त्याची मजुरी विचारता येत नाही. मान मोडून, डोळे ताणून केलेले दिवसच्या दिवस त्या एका शब्दात झाकले जातात. शिवणारीचे नावही उरत नाही.

आणि वेळ थोडा आहे. ओवी दुसऱ्या तोंडी जगते, कापड झिजते. जुनी गोधडी फाटली की बहुधा नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून जाते, त्यामुळे मागच्या पिढीचा नमुना सहसा हाती लागत नाही. सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतली आहे आणि अंथरुणात तयार ब्लँकेटे आली आहेत.

तेव्हा लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत यंदा 'गोधडी: एक प्रतिमा' हा प्रकल्प देऊ नये. विद्यार्थ्याला घरी पाठवावे. कोणता तुकडा कुणाच्या वस्त्राचा, तो तिथेच का बसवला, त्या टाक्याला घरात काय म्हणतात, शिवायला किती दिवस लागले, हे त्याने विचारून लिहावे. आणि पहिल्या पानावर शिवणारीचे नाव घालावे, तिची परवानगी घेऊन. कवीचे नाव गाळून आपण कविता शिकवीत नाही. मग इथेच हे नाव अनावश्यक का ठरावे, याचे उत्तर आपल्या समीक्षेने द्यायला हवे.