घसारा

बी.कॉम.ला आम्ही घसारा शिकलो. वस्तूची किंमत दरसाल कापत जायची. शेवटी उरते ते भंगार. त्या हिशेबाने मामांची १९६८ सालची फियाट केव्हाच शून्यावर आली. "देऊन टाका भंगारात," असा सल्ला बँकेत रोज मिळतो, तोही फुकट.

फुकट तर गाडीही दुरुस्त झाली! अकोल्याच्या मिस्त्रीने कार्बोरेटर नीट केला, अचलपूरच्या निवृत्त मास्तरांनी माळ्यावरून हेडलाइटची रिंग काढून दिली, मूर्तिजापूरच्या भाऊंनी तीन रविवार घालून स्टिअरिंगलगतचा गिअर वठणीवर आणला. पैशांचे विचारले तर म्हणतात, "काहून बाप्पा, तुमच्या एकट्याचीच हाये काय गाडी?" हे कोणत्या खात्यात जमा करू?

२०२२ साली अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकले. गिनीज विक्रम झाला. त्याच रस्त्यावर धावायला आमच्या गाडीला सात महिने लागले. असो.

आता २०२१चा नियम बघा. पन्नाशी उलटलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवायची तर वीस हजार भरा. वर ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, बस्स! म्हणजे शाल-नारळ देऊन घरी बसवणे. नको तो मान. आमचा साधा नंबरच बरा.

मामा पंच्याऐंशीचे आहेत. दर भाऊबीजेला याच गाडीने ते अकोल्याला माझ्या आईकडे जात. यंदाही जाणार म्हणतात. भाऊबीज हे प्रदर्शन की रॅली, तेवढे कोणी सांगा.