सबमिट दाबल्यावर पलीकडं कोण असतं?

प्रोजेक्टचे दिवस आले की कागलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गुगल फॉर्मच्या लिंक येऊ लागतात. 'प्लीज भरा, दोनच मिनिटं लागतील.' मोबाइल कुठला वापरता, पिक्चर कुठं बघता, इथपर्यंत ठीक आहे. मी मात्र असाच फॉर्म कोरोनात घरचं माणूस गमावलेल्यांना पाठवला होता. चौदा प्रश्न, प्रत्येकापुढं लाल चांदणी. म्हणजे उत्तर दिल्याशिवाय सुटकाच नाही.

एकानं तो मध्यरात्रीनंतर भरला. काय लिहिलं होतं ते इथं सांगत नाही. ते त्यानं प्रोजेक्टसाठी दिलं होतं, पेपरसाठी नाही. एवढं लिहून सबमिट दाबल्यावर त्याला स्क्रीनवर दिसलं असेल, 'युवर रिस्पॉन्स हॅज बीन रेकॉर्डेड.' बास. मी तेव्हा झोपले होते. चार दिवसांनी एक्सेलच्या रकान्यात ते वाचलं आणि पहिला विचार आला, कोट भारी आहे! आजही त्याची लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, फॉर्मच्या सुरुवातीला 'मी सहमत आहे'वर टिक होतीच की. पण माहिती कोण वाचणार, कुठं छापणार, उद्या नको वाटलं तर काय करायचं, हे न सांगता घेतलेली टिक कसली संमती? आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी माणसाला कधीही माघार घेता येते. प्रेस कौन्सिलही पत्रकारांना बजावते, की लोकांच्या खासगी दुःखात कॅमेरा घेऊन घुसू नका. गुगल फॉर्मला कॅमेरा नसतो, एवढाच फरक.

आणि 'नाव गुप्त ठेवू' हे आपलं लाडकं वाक्य. पुण्या-मुंबईत चालत असेल. इथं नुसतं 'शिक्षक, पत्नी गेली, एप्रिल 2021' एवढं लिहा, गैबी चौकात चहा संपायच्या आत कुणीतरी गल्ली सांगेल. फेसबुकवरच्या श्रद्धांजलीचंही तेच. पोस्ट सगळ्यांना दिसते म्हणून वाक्य जसंच्या तसं उचललं, तर तेच वाक्य सर्चमध्ये टाकून कुणीही त्या घरापर्यंत पोचतं.

म्हणून विचारूच नये, असं मी म्हणत नाही. बेडसाठी कुठं कुठं फिरावं लागलं, बिल किती झालं, 50 हजारांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज कुठं अडला, हे त्या घरांनाच माहीत आहे. काहींना बोलायचंही असतं, फक्त कुणी विचारत नाही. पण लिंक ग्रुपवर फेकू नका. ओळखीच्या माणसाकडून आधी विचारा. दिवसकार्य तर उरकू द्या! लाल चांदण्या काढा, स्वतःचा नंबर द्या, आणि फोन आला तर उचला. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, खोडा म्हणाले तर खोडा. सँपल साठावरून सहावर येईल. येऊ दे.

त्या मध्यरात्रीच्या माणसाला मला हे सगळं सांगायचं होतं. पण फॉर्म 'निनावी' होता, नंबर घेतलाच नव्हता. ग्रुपवरून अंदाज येतो, कोण असेल. पण नुसत्या अंदाजावर अशा घरी फोन कसा करायचा?