स्टिकर दुकानदाराचे, नुकसान कारागिराचे

कापडाच्या धंद्यात आमचे केस पिकले. किमतीची चिठ्ठी ताग्याच्या काठाला दोऱ्याने बांधावी, कापडाच्या अंगावर कधीही चिकटवू नये, हे आम्ही वडिलांकडून शिकलो. पण चामड्याच्या बाबतीत हाच धडा आम्ही विसरलो आणि त्याची किंमत मोजली.

लग्नसराईत आम्ही शेरवानीबरोबर कोल्हापुरी चपलाही ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यावर पाय टेकतो त्याच जागी बारकोडचे स्टिकर लावले. दोन महिन्यांनी काढायला गेलो तेव्हा कागद निघाला, गोंद तसाच राहिला. दुकानातल्या पोराने थिनरचा बोळा फिरवला. गोंद विरघळला खरा, पण वर येण्याऐवजी आत उतरला. प्रत्येक चपलेवर काळपट वर्तुळ उमटले. आम्ही तो माल खराब म्हणून कारागिराकडे परत पाठवला. त्याचा निरोप आला, "शेठ, हे चामडं पाणी पितं, मग गोंद पिणार नाही का?" आम्ही शरमलो आणि त्याचे पैसे चुकते केले.

यामागचे कारण साधे आहे. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यावर रंगाचा जाड थर नसतो, छिद्रे उघडी असतात. ऑफिसच्या चकचकीत बुटावर गोंद वरच्यावर राहतो. इथे तो मुरतो. उन्हाळ्यात तर अधिकच. पेट्रोल, थिनर किंवा नेलपॉलिश काढण्याचे औषध चामड्यातले तेल ओढून घेते आणि गोंद खोल नेते. खोबरेल तेलाने गोंद सुटतो, पण तेलाचा डाग बसतो. गरम पाण्याने चामडे कडक होते.

मग करावे काय? आधी चामडे ओळखावे. न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाकावा. तो लगेच मुरला व जागा काळी पडली, तर कोणतेही पातळ औषध वापरू नये. स्टिकर अजून लागलेले असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा लांबून थोडा वेळ द्यावी आणि कागद आडवा धरून सावकाश सोलावा. उरलेला गोंद कोरड्या बोटाने किंवा क्रेप सोलच्या तुकड्याने हलक्या हाताने चोळावा. त्याच्या गोळ्या होऊन निघतात. ब्लेड लावू नये. तरीही चिकटपणा राहिला तर मुलतानी मातीची कोरडी पूड किंवा टाल्कम पावडर रात्रभर ठेवून सकाळी मऊ ब्रशने झाडावी. जरूर वाटली तर पुन्हा करावे. घाई केली की माल गेला. खोल मुरलेला डाग मात्र पूर्ण जात नाही, हेही खरे. असा जोड ऐब दाखवून, दाम कमी करूनच विकावा.

पण मूळ प्रश्न डाग काढण्याचा नाही, तो कोणाच्या माथी मारायचा याचा आहे. स्टिकर आम्ही लावतो, थिनर आमचा नोकर फिरवतो आणि परतीचा माल मात्र कारागिराच्या दारात जाऊन पडतो. पुढची ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून तो बिचारा मुकाट्याने घेतो. आमचे स्पष्ट मत आहे की दुकानात लागलेला डाग दुकानदारानेच सोसावा.

आम्ही आता चपलेच्या पट्ट्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधतो आणि बारकोड खोक्यावर लावतो. खर्च जवळजवळ तेवढाच येतो. कारागीर बांधवांनीही माल देताना खोक्यात एक ओळ लिहून ठेवावी : "चामड्यावर काहीही चिकटवू नये." एवढ्या एका ओळीने दोघांचेही नुकसान टळेल. व्यापारी बंधूंनी यावर जरूर विचार करावा.